गालातला पांढरा चट्टा

कुणी हसलं तरी चालेल, पण ही गोष्ट घडलेली आहे. माझे चुलत आजोबा शालिग्राम यांच्यासोबत, डोणगावात.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता. आजोबा कसले, विशीतला पोरगा तो. मुंबईला दातांची डॉक्टरी शिकायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आला होता. त्या दिवशी सगळी मंडळी लग्नाला मेहकरला गेलेली. घरात तो एकटाच.

दुपार कलली होती. बाहेर कुत्रं भुंकत होतं.

मग ते गप्प झालं...

शालिग्रामनं मान वर केली. ओसरीत एक बाई बसली होती. तोंडावर पदर.

दार वाजलं नव्हतं.

"मले तोंड दाखवाचं आहे," ती म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ.

"मी अजून डॉक्टर नाही झालो, बाई. शिकून राह्यलो."

"म्हणूनच आली. पाहून ठेव."

त्यानं आपला छोटा आरसा आणला. तिनं पदर खाली घेतला.

आतून गाल पांढरा पडलेला. मधोमध उघडी जखम, कडा टणक. आणि ती जखम जिभेत उतरली होती.

जीभ... जवळपास उरलीच नव्हती.

असं तोंड त्यानं फक्त पुस्तकातल्या चित्रांत पाहिलं होतं.

"गालात तंबाखू ठेवता?"

"झोपतानाही."

"अन् इतके दिवस काऊन नाही दाखवलं?"

"दुखत नव्हतं ना. नुसतं पांढरं होतं."

एवढ्या जखमेला वास येतो. इथं वास नव्हता.

तोंडात धरलेल्या आरशाकडे त्यानं पाहिलं. काच लख्ख होती.

श्वासाची वाफ धरतच नव्हती...

"आता माह्या झुंबरचं पाह्य," ती म्हणाली. "तिचं अजून पांढरंच आहे."

घाबरून तो कापूस आणायच्या निमित्तानं आत वळला. परत आला, तर ओसरी रिकामी.

कुत्रं पुन्हा भुंकू लागलं.

संध्याकाळी मंडळी परतली. त्यानं आईला, गीताबाईला, विचारलं, "झुंबर कोण वं?"

"मनकर्णाबाईची लेक. देवळामागं राह्यते. काऊन?"

"तिची माय आली होती आज."

गीताबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"मनकर्णाबाई गेल्या पोळ्याले वारली, बापू."

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. सकाळी आईला घेऊन तो झुंबरबाईकडे गेला. आधी काहीच बोलला नाही. फक्त तोंड उघडायला लावलं.

गालात पांढरा चट्टा. कापसानं पुसला. निघेना.

मग त्यानं सगळं सांगितलं.

"माय बोलली तुमच्याशी?"

"हो. तुम्ही बोलता तशीच."

"शेवटी तिच्या तोंडून शब्दच निघत नव्हता, भाऊ. हातानं सांगे सारं."



झुंबरबाईला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी चट्टा कापून काढला. तंबाखू सुटली. बाई नातवंडं खेळवून गेली.

पण नागपूरहून आल्यावर ती त्याला भेटायला आली होती. दारातच उभी राहिली.

"एक विचारू, भाऊ? माय तुमच्याकडे आली. माह्याकडे काऊन नाही आली?"



पुढं आयुष्यभर आजोबांनी लोकांची तोंडं तपासली. म्हातारपणी मात्र जेवता जेवता हात थांबायचा आणि तेच आम्हाला विचारायचे, "तिच्याकडे काऊन नसंल गेली?"