शेजारची सीट

श्रावणातली भुरभुर सुरू होती आणि त्या भुरभुरीत एक लाल गाडी लंगडत लंगडत नाशिकच्या द्वारका चौकातल्या लहानूनानांच्या टायरच्या दुकानापुढे येऊन थांबली. दोनच सीट, वर कापडी टप आणि उंची इतकी कमी की आतला माणूस रस्त्यावरच बसल्यासारखा दिसावा. पुढचं डावं चाक पार बसलं होतं.

नानांची मुलगी छाया जॅक घेऊन बाहेर आली. उतरलेल्या तरुणाने तिच्या खांद्यावरून दुकानात डोकावलं.

"मिस्त्री कुठे आहेत?"

"समोर उभे आहेत."

तो ओशाळला. छायाला याची सवय होती. नटांवर पाना लावत ती म्हणाली, "स्टेपनी काढा."

"स्टेपनी नाहीये... म्हणजे या गाडीला नसतेच. डिकीत टप दुमडून बसतो. त्याऐवजी ही फेसाची बाटली देतात, पंक्चर झालं की टायरमध्ये सोडायची."

छायाने बाटली उलटीपालटी केली. "हिची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलीय. दिसायला छान आणि तयारी शून्य. गाडी काय, मालक काय."

"छान म्हणालात ना? तेवढंच लक्षात ठेवतो."

ती पटकन चाकावर वाकली आणि खिळ्याच्या भोकाभोवती खडूने गोल काढला. गोल जरा वाकडाच आला.

तो मखमलाबादचा कुंदन. घरचे गुलाबाचे मळे, तळहातांवर काट्यांचे ओरखडे. देवळालीच्या एका निवृत्त साहेबांकडून ही गाडी त्याने हौसेने जुनीच घेतली होती. महिनाअखेरीला तो बंगळूरला एका फुलांच्या कंपनीत कायमचा रुजू होणार होता आणि हजारावर किलोमीटर याच गाडीने जाणार होता.

"स्टेपनीशिवाय?" छायाने विचारलं. "तहान लागल्यावर विहीर खणणार का तुम्ही?"

आत, दुकानाच्या मागच्या खोलीत खाटेवर नाना पडून होते. आठ वर्षांपूर्वी कसाऱ्याच्या घाटात एका ट्रकचं चाक बदलताना मागच्या चाकाला दगड लावायचा राहिला. ट्रक घरंगळला आणि नानांची कंबर गेली ती गेलीच. छायाची आई तर त्याआधीच गेली होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस! तेव्हापासून दुकानाचे दोन नियम होते... दगड लावल्याशिवाय चाक काढायचं नाही आणि लांबच्या प्रवासाची गाडी स्टेपनीशिवाय दुकानातून सोडायची नाही.

मग कुंदन दर दोन दिवसांनी येऊ लागला. छायाने त्याला टायरच्या भोकात रबराची वात भरून पंक्चर काढायला शिकवलं, हवा मोजायला शिकवलं. भर पावसात त्याच्याकडून तीनदा चाक बदलून घेतलं आणि तिन्ही वेळा आधी चाकाला दगड लावायला लावला.

"गालाला काळं लागलंय," एकदा ती म्हणाली.

"पुसा की मग."

"ही चिंधी घ्या."

चिंधी देताना बोटाला बोट लागलं. त्या दिवशी तिने एका रिक्षाच्या चाकात एवढी हवा भरली की रिक्षावाला ओरडायला लागला. प्रेमात पडलेलं माणूस दुसऱ्याच्या चाकातली हवा बघत नाही, हेच खरं.

जाताना तो एक गुलाब हवेच्या टाकीवर ठेवून जायचा. ती तो उचलायची नाही. दुकान बंद करताना मात्र टाकीवर गुलाब नसायचा.

त्या मापाचं चाक नाशकात मिळेना. छायाने पुण्याच्या जुन्या सामानवाल्यांना रोज फोन केले. तीन आठवड्यांनी एसटीच्या पार्सलने चाक आलं. नेमका त्याच संध्याकाळी कुंदनही आला.

"सकाळी निघतोय," तो म्हणाला. पाऊस थांबला होता, पण आभाळ तसंच गच्च होतं. "छाया... ती शेजारची सीट. बंगळूरपर्यंत रिकामी न्यायची जिवावर येतंय. उद्या रिकामीच नेतो. पण पुढच्या महिन्यात आमच्या कुसाबाई आत्याला तुमच्याकडे बोलणी करायला पाठवू?"

छायाच्या हातातला पाना तसाच राहिला. आतून नाना खोकले.

"नानांची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते," ती म्हणाली.

"त्यांनाही नेऊ. मी सगळं करीन."

"मागं मामाकडे नेलं होतं. तीन दिवस अन्न घेतलं नाही त्यांनी. त्यांना या चौकाचा आवाज लागतो, कुंदन. हा आवाज बंद झाला तर ते जगायचे नाहीत."

"आणि तुला काय लागतं?"

तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "मला तुमच्याबरोबर यायचंय. उद्या विचाराल तरी हेच सांगेन. पण मी येणार नाही. आत्याबाईंना पाठवू नका."

छाया आत गेली आणि नवं चाक घरंगळत घेऊन आली. डिकीत ते मावेना. उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं. जागा एकच उरली होती आणि ती कुठली ते दोघांनाही ठाऊक होतं. तीन आठवडे जीव टाकून शोधलेलं चाक तिने आपल्या हाताने शेजारच्या सीटवर बसवलं आणि त्याला पट्टा लावला.

"पोरी, चाकाला लावायला दगड दिला का त्याला?" आतून नानांनी विचारलं. "लय लांब जायचंय म्हनतो."

"दिला, नाना."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानातला फोन वाजला.

"हुबळीच्या अलीकडे आहे," कुंदन म्हणाला. मागे ट्रकचे आवाज येत होते. "लोखंडाची पट्टी घुसली. टायर पार फाटलं, बाटलीचं काम नव्हतं. तुझी स्टेपनी लावली."

"दगड?"

"आधी दगडच लावला."

तिने डोळे मिटले. "फाटलेलं चाक कुठं ठेवलंत?"

"त्याच सीटवर."

"तिथल्या टायरवाल्याकडे टाकून द्या. फाटलेलं ओझं कशाला वाहायचं?"

"ती सीट रिकामी बघवत नाही, छाया."

चौकात कुणीतरी जोरजोरात हॉर्न वाजवत होतं. तिने रिसीव्हर कानाला घट्ट धरला. तीन आठवड्यांत एकदाही तिने त्याला 'तू' म्हटलं नव्हतं.

"पट्टा लाव त्याला," ती म्हणाली. "आणि हळू जा तू."

तिने फोन ठेवला.

"कोन व्हतं गं?" नानांनी विचारलं.

"गिऱ्हाईक," छाया म्हणाली. दोन तास होऊन गेले होते. तिने हात धुतले आणि नानांची कूस बदलली.