पिवळीची बॅटरी

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. अर्धं मामाने स्वतः सांगितलं, तेही एकदाच. उरलेलं मावशीकडून कळलं. भूत म्हटलं की लोकांना अमावास्या लागते. इथे रविवारची टळटळीत दुपार होती, पावणेतीनची वेळ. छोट्या विमानतळाच्या कडेचं पत्र्याचं हँगर.

मामा तिथे मेकॅनिक. मावशी त्याची थोरली बहीण. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं, दोन माणसांचं जुनं विमान तिथे असायचं. रंगावरून सगळे त्याला पिवळी म्हणत.

विमान नुसतं उभं असलं तरी बॅटरी उतरते. म्हणून दोन उड्डाणांच्या मध्ये तिला हळूहळू भरणारा छोटा चार्जर लावून ठेवायचा. हे काम मामाचं.

वर्षापूर्वी एकदा तो विसरला.

सकाळी काका आले तर बॅटरी ठार. काकांना कुठला दम? "हाताने फिरवू," म्हणाले.

जुन्या विमानात ते जमतं, कारण इंजिनाची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते. पुढचा पंखा हाताने ओढायचा. पण इंजिनात पेट्रोल ओढलं जावं म्हणून पहिले दोनचार फेरे किल्ली बंद ठेवून द्यायचे असतात. म्हणून पंख्यापुढचा माणूस विचारतो, "बंद?" आत बसलेल्याने किल्ली बघायची आणि मगच सांगायचं, "बंद."

आत मामा होता. हातात चहाचा कप, डोकं भलतीकडेच.

"बंद?"

"बंद," मामा म्हणाला. न बघता.

किल्ली चालू होती.

पंखा उसळला. काकांची कवटी कानापासून उघडली. समोरची काच लाल झाली आणि इंजिन थांबेपर्यंत पत्र्यावर काहीतरी ओलं आदळत राहिलं.

चौकशीत मामाने सांगितलं, "भावजींनी विचारलंच नाही. सरळ पंखा ओढला." बोलणारा गेला होता, ऐकणारा एकटाच उरला होता. सगळ्यांना पटलं.

मावशीला तर जरा जास्तच पटलं. ती रडली नाही, भडकली. काकांचा फोटो भिंतीवर आपटून फोडला. "एक शब्द विचारायला जीभ झडली होती याची?" येणाऱ्याजाणाऱ्यासमोर ती मेलेल्या नवऱ्याला शिव्या घालायची. मामा खाली मान घालून ऐकायचा. शरमेने त्याला अन्न गोड लागत नव्हतं, पण तोंड उघडत नव्हतं.

चार्जर मात्र तो कधी विसरला नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पिवळी दुरुस्त झाली, नवा पंखा बसला आणि मामा दिवसातून तीनदा चार्जरचा हिरवा दिवा बघू लागला. पुन्हा कुणाला त्या पंख्याला हात लावायची वेळ येऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

वर्षाने मावशी म्हणाली, "आता मी उडवणार." परवाना तिच्याकडेही होता.

पहिल्या रविवारी बॅटरी पूर्ण भरलेली. मावशी आत बसली आणि काकांच्या नावाने करवादली, "त्याचंच विमान, असंच अर्धवट असणार."

किल्ली फिरवली...

काहीच नाही.

दुसऱ्या रविवारी नवी कोरी बॅटरी. मावशीने पुन्हा शिवी हासडली... आणि मामाच्या डोळ्यांदेखत बॅटरी मोजणारा काटा शून्यावर आला.

तिसऱ्या रविवारी मामाने ती बॅटरी बाहेर काढून बाकावर ठेवली. बाकावर काटा पूर्ण वर. मावशी विमानतळाच्या ऑफिसात गेली होती. हँगरमध्ये तो एकटा.

मागे पिवळीचा पंखा सरकला...

टक.

वारा नव्हता.

मग पंख्यापुढून आवाज आला... काकांचा.

"बंद?"

मामाने वळून पाहिलं, पंख्यापुढे कुणीच नव्हतं.

"बंद?"

मामाने पाना उचलला आणि पिवळीचं नाक ठोकायला लागला. पत्रा फाटला, हाताची सालं निघाली, तरी थांबेना. "गप्प बसा भावजी... गप्प बसा."

मावशी धावत आली. तिने पाना हिसकावला आणि सणसणीत कानाखाली दिली.

"डोकं फिरलं का तुझं? बस झालं हे बॅटरी-बॅटरी. हाताने फिरवू. तू आत बस, मी ओढते."

पंख्यापुढे ताई?

"नको ताई. मी ओढतो. पण आधी किल्ली काढून खिशात टाक. माझ्यासमोर."

तिने टाकली. मामा पंख्यापुढे उभा राहिला, पात्यावर हात ठेवले आणि सवयीने विचारलं, "बंद?"

आतून उत्तर आलं...

"बंद."

त्याने ओढलं.

किल्ली खिशात, बॅटरी बाकावर, आणि इंजिन गरजलं. एकच फेरा. मामाचा उजवा हात कोपरापासून तुटून मावशीच्या पायाशी पडला. बोटं अजून मिटत होती. तिने पट्टा काढून दंडाला आवळला, म्हणून तो वाचला.

तिसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात आली. दार लावून घेतलं.

"मी आत नव्हतेच," ती म्हणाली. "मी चाकाला ठोकळे लावत होते."

"मग बंद कोण म्हणालं?"

"तू. तू पुढे उभा, तोंड मिटलेलं... आणि आतून तुझा आवाज."

मामाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"त्या दिवशी त्याने विचारलं होतं ना रे?"

"हो."

मावशीने त्याचा उरलेला हात हातात घेतला. मामाला वाटलं, सुटलो. मग तिने त्याची करंगळी धरली आणि मोडेपर्यंत मागे वाकवली. मामा ओरडला नाही.

तपासणीत पिवळीच्या सगळ्या तारा शाबूत निघाल्या. इंजिन कसं पेटलं, कुणालाच सांगता आलं नाही.

मावशी आता काकांना शिव्या देत नाही. पण रविवारी दुपारी ती एकटी पिवळीत जाऊन बसते. तिथे काय करतेस, असं मी एकदा विचारलं.

"अजून विचारतो तो," ती म्हणाली. "कुणीतरी किल्ली बघून सांगायला हवं ना."

तिला सोडायला मी हँगरच्या दारापर्यंत जातो. आत जात नाही.