चोवीस काचांतली लहर

तो वाट चुकला म्हणून हे सगळं झालं. उघडायचं होतं उजवीकडचं दार, त्यानं उघडलं डावीकडचं, आणि गाडीची चावी घ्यायला निघालेला माणूस थेट काचघरातल्या पट्ट्यांच्या भिंतीसमोर येऊन उभा राहिला.

काचघर म्हणजे त्या कारखान्यातली सगळ्यात शांत खोली. कारखाना मोटारींचा. पण मोटारी तरी कसल्या... आतली गादी अशी की बसलेला माणूस आपल्याला कुठे जायचं होतं तेच विसरून जायचा. दार लावलं की बाहेरचं सगळं जग गप्प. माशीसुद्धा म्हणे टपावर बसायच्या आधी पाय पुसून घ्यायची. आता अशा गाडीची पुढची काच कशी हवी? नसल्यासारखी हवी. समोर रस्ता दिसावा, आभाळ दिसावं, आणि मधे काच आहे हे बसणाऱ्याच्या स्वप्नातही येऊ नये. ती नसल्यासारखी आहे की नाही हे ठरवायचं काम एका मुलीकडे होतं. तिला सगळे घार म्हणायचे.

खोलीच्या एका टोकाला पांढरी भिंत, भिंतीवर काळ्या तिरक्या पट्ट्या. मधे लोखंडी घोडा, त्यावर काच, गाडीत असते तशीच कलती ठेवलेली. दुसऱ्या टोकाला फरशीवर दोन पावलं रंगवलेली. त्या पावलांवर उभं राहून घार काचेतून पट्ट्या बघायची. पट्ट्या सरळ दिसल्या तर काच चांगली. एखादी पट्टी जराशी जरी मुरडली, तर काचेत लहर आहे. काच तापवून साच्यावर वाकवतात ना, तेव्हा साचा कुठे कमीजास्त तापला की ती लहर धरते. लहर असली की लाल फुली आणि काच बाद. नसली की कोपऱ्यात घारीचा शिक्का.

आणि नजर म्हणाल तर... एकदा काचा तपासायला नवंकोरं मशीन आणलं होतं. मशीन म्हणालं काच उत्तम, घार म्हणाली लहर आहे. तीन दिवस मोजमाप चाललं. चौथ्या दिवशी मशीन परत पाठवलं. फाटकातून आत येता येता तिनं बुरुजाएवढ्या उंचीवरच्या घड्याळाचा काटा वाकलाय हे सांगितलं होतं, आणि शिडी लावून बघितलं तर खरंच वाकला होता. घरी भिंतीवर फोटो लावायचा झाला की तिचा दादा तिला आधी खोलीबाहेर घालवायचा, नाहीतर सगळी सुट्टी एका खिळ्यात जायची. नऊ वर्षांत तिच्या शिक्क्याची एकही काच कधी परत आली नव्हती.

तर त्या सकाळी एकाच साच्यावरून उतरलेल्या चोवीस काचा आल्या होत्या. पहिली घोड्यावर चढवून घारीनं मान वर केली, आणि पट्ट्यांसमोर हा.

"चुकलो वाटतं मी," तो म्हणाला.

"चुकलातच. चाव्या पलीकडे मिळतात."

तो जायला वळला, तर पलीकडून चावीवाल्यानं ओरडून सांगितलं की कपाट अडकलंय, तासभर तरी लागेल. तो वळला तो भिंतीकडेच बघत राहिला. इतक्या सरळ रेघा एका जागी त्यानं जन्मात पाहिल्या नव्हत्या. मग फार हळू आवाजात, झोपलेल्या माणसाच्या खोलीत विचारावं तसं, त्यानं विचारलं, "इथे थांबलं तर चालेल?"

नाही म्हणायला हवं होतं. घार म्हणाली, "थांबा. पण हलू नका."

आणि काचेतून बघितलं तर... तिच्या डाव्या हाताला, त्याच्या खांद्यापाशी एक पट्टी हलली. नुसती हलली नाही, मासोळीसारखी सळकन मुरडून गेली, आणि तिच्याबरोबर त्याचा खांदाही. घारीनं डोळे मिटले, उघडले. मान जरा इकडे केली, पट्टीही इकडे आली. त्याच वेळी छातीत काहीतरी असं धडधडलं की तिचा पाय रंगवलेल्या पावलावरून सरकला.

"काचेकडे बघता, का काचेतून?" त्यानं विचारलं.

"काचेतून."

"मग आत्ता काय दिसतंय?"

तिनं घाईनं पहिली काच उतरवली. दुसरी काच चढवली. तीच गत. तिसरी, चौथी, पाचवी... तो आपला आज्ञाधारकपणे न हलता उभा, आणि त्याच्या खांद्याशी प्रत्येक काचेत तीच मासोळी. आता एक काच वाकडी असेल, दोन असतील. चोवीसच्या चोवीस कशा असतील? घारीनं मनाशी हिशेब केला की काचा बिचाऱ्या सरळ आहेत, मुरडलंय ते बघणारीचं. गाल तापलेले असताना तिनं एकेका काचेवर शिक्का मारला.

तो गेला. दुपारी दुसऱ्या साच्यावरच्या काचा आल्या आणि पट्ट्या आखल्यासारख्या सरळ दिसल्या. झालं. यापेक्षा मोठा पुरावा कुठल्या कोर्टात मिळतो?

तो गाड्या चालवून बघणारा नवा ड्रायव्हर होता. कारखान्यातून निघालेली प्रत्येक गाडी आधी त्याच्यासारखे तिघं मागच्या धावपट्टीवर फिरवून आणायचे. दोघं जुने वाऱ्यासारखे जायचे. हा मात्र असा चालवायचा की मागच्या सीटवर काठोकाठ भरलेलं भांडं ठेवलं तरी थेंब सांडू नये. म्हणून त्याचं नाव पडलं सावकाश.

सावकाशला रोज काचघरात काम निघायला लागलं. एकदा कागद विसरला, एकदा पेन, एकदा काय विसरला तेच विसरला. घारीनं एकच अट घातली होती, पट्ट्यांसमोर उभं राहायचं नाही, दारात राहायचं. त्यानं कारण विचारलं. ती म्हणाली, कामाचा नियम आहे. तो म्हणाला, लिहिलेला दिसत नाही कुठे. ती म्हणाली, सगळेच नियम लिहून ठेवत नाहीत.

घरी वहिनीनं तीन दिवस सोसलं. चौथ्या दिवशी कपात मीठ घालून हलवत बसलेल्या नणंदेसमोर ती येऊन बसली. एरवी नावानं हाक मारायची, पण टोमणा मारायचा असला की तिच्या तोंडी वन्सं यायचं.

"काय वन्सं, भिंतीवरचा फोटो दोन दिवस तिरका आहे. मीच केलाय. तुम्हाला दिसला नाही?"

घारीनं वर बघितलं. खरंच तिरका होता, चांगला बोटभर. वहिनी हसत उठली, पण जाता जाता म्हणाली, "कोण आहे त्याला एकदा नीट बघून घे बाई. तुझ्यासारखीनं अंदाजानं माणूस निवडला तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

आठव्या दिवशी त्या चोवीस काचा गाड्यांत बसून धावपट्टीवर आल्या. सावकाश पहिली गाडी घेऊन गेला आणि परत येऊन म्हणाला, रस्ता वळवळतो. डाव्या बाजूचा दिव्याचा खांब जवळ आला की मधेच मोडतो आणि पुन्हा जुळतो. दुसरी गाडी, तेच. जुन्या दोघांनी भरधाव चकरा मारल्या आणि सांगितलं, काही नाही. त्यांच्या वेगात खांब दिसायच्या आधीच मागे पडायचा, दिसणार काय? सगळं अंगण हसलं. सुपरवायझरनं काचेचा कोपरा बघितला, तिथे घारीचा शिक्का. मग प्रश्नच मिटला. काच सरळ, म्हणजे डोळे वाकडे. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर शंका आली की त्याच्या हातून स्टिअरिंग काढून घ्यायचं, असा तिथला नियम होता, आणि तो लिहिलेला होता. सावकाशच्या चाव्या जमा झाल्या. गाड्या सकाळी रवाना होणार होत्या.

हे सांगायला तो स्वतःच काचघराच्या दारात आला. तक्रार नव्हती, उलट जरासा हसत होता.

"तुम्ही बघून शिक्का मारलाय. मग चूक माझ्याच डोळ्यांची. तुमच्या नजरेपुढे... माझं काय."

घारीनं विचारलं, खांब नक्की कुठे मोडतो.

"डावीकडे. साधारण... खांद्याच्या उंचीला. आणि मोडत नाही खरं तर. मासोळी जाते बघा पाण्यातून, तसं काहीतरी जातं."

घारीच्या पायाखालची फरशी सरकली. ती रंगवलेल्या पावलांवरून उतरली, अंगणात गेली, आणि सुपरवायझरसमोर हात पसरून म्हणाली, चावी द्या. नऊ वर्षांत तिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं, म्हणून असेल, त्यानं दिली.

सावकाशनं गाडी काढली. ती शेजारी बसली, पण मान त्याच्या बाजूला झुकवून, जिथून चालवणाऱ्याला दिसतं तिथून बघत. दोघांच्या कानांत वीतभर अंतर. गाडी पायी चालल्यासारखी निघाली. काचेपलीकडे झाडं, गवत, आभाळ, सगळं इतकं लख्ख की हात बाहेर काढून धरावं. खांब आला. आणि त्या एवढ्या मोठ्या लोखंडी खांबातून एक लहर निघून गेली... अलगद, कुणी फुंकर घातल्यासारखी. दोघंही श्वास धरून बघत राहिले. चूक होती खरी, पण इतकी देखणी चूक त्या कारखान्यानं कधी केली नव्हती.

"दिसली?" त्यानं विचारलं.

"दिसली," ती म्हणाली.

गप्प बसली असती तर शिक्का तिचा, नाव तिचं, आणि त्याचं स्टिअरिंग गेलेलं. ती तशीच मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेली. मागे सुपरवायझर, त्याच्या मागे सावकाश, आणि दाराशी निम्मं अंगण. तिनं सांगितलं की ड्रायव्हरचे डोळे ठीक आहेत, चोवीसही काचांत लहर आहे, गाड्या थांबवा.

मोठ्या साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं की तुमच्यासारखीला दिसली कशी नाही.

"दिसली होती."

"मग शिक्का?"

घारीनं एकदा मागे बघितलं. आता पुढे बघून बोलायचं, नाहीतर कधीच नाही.

"हे पट्ट्यांसमोर उभे होते. मला वाटलं, लहर काचेत नाही... माझ्यात आहे."

केबिनमध्ये इतकी शांतता पडली की त्या गाड्यांच्या आतही कधी पडली नसेल. सुपरवायझर छताकडे बघायला लागला. सावकाशच्या कानांचा रंग असा झाला की लाल फुलीसुद्धा फिकी वाटावी. मोठे साहेब कागद ओढून लिहायला बसले, आणि कारण लिहायच्या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं. तीस वर्षांत त्यांनी भट्टी लिहिली होती, साचा लिहिला होता, वीज लिहिली होती. शेवटी त्यांनी लिहिलं, 'पट्ट्यांसमोर माणूस उभा होता.' शिक्का त्यांनी महिनाभर आपल्याकडे ठेवून घेतला. चाव्या सावकाशला परत दिल्या. आणि काचा बदलल्यावर चोवीसही गाड्या या दोघांनी मिळून तपासायच्या, असं सांगताना मिशीत हसले.

काच बदलली की गाडी पाण्याच्या खोलीतून न्यावी लागते. खोली कसली, बटणावरचा पाऊसच तो. वरून, खालून, चारी बाजूंनी धारा, आणि आत बसलेल्यानं थेंब कुठून येतो का ते बघायचं. पहिल्या गाडीत दोघं बसले. बटण दाबलं गेलं. बाहेर प्रलय, आत चिडीचूप. काचेवरून पाणी असं कोसळत होतं की जगात त्या दोन सीटांशिवाय काही उरलं नसावं.

बराच वेळ दोघंही छताचे कोपरे बघत होते.

"एक विचारू?" सावकाश म्हणाला. "म्हणजे... ती लहर काचेतच होती."

"हो."

"तुमच्यात नव्हती."

घार काचेवरून कोसळणाऱ्या पाण्याकडे बघायला लागली.

"माझंच नशीब बघा. मी ओरडून ओरडून सांगितलं काच वाकडी आहे. गप्प बसलो असतो तर..." तो हसायला गेला, पण हसू काही नीट उमटलं नाही. "निदान तुमच्या हिशेबात तरी राहिलो असतो."

पाणी थांबलं. वारा सुटला, थेंब पळाले, आणि काच पुन्हा नसल्यासारखी झाली. घार म्हणाली, खाली उतरा आणि गाडीसमोर उभे राहा. तो उतरला. ओल्या फरशीवर, पांढऱ्या भिंतीपुढे, हात कुठे ठेवावेत ते न कळून उभा राहिला. ती त्याच्या जागेवर सरकली आणि बघायला लागली. छाती धडधडत होती. वहिनी म्हणाली होती, नीट बघून घे. तिनं मान इकडे केली, तिकडे केली. काही हललं नाही. एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित वर. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. भुवईत जुनी खोक. आणि तिच्या निकालाची वाट बघणारे ते डोळे, काही न लपवणारे... एवढा स्वच्छ माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता. तो तसाच्या तसा समोर होता, आणि धडधड तर वाढतच चालली होती.

तिनं बाजूची काच खाली केली.

"लहर नाही," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. मान हलवून तो दार उघडायला पुढे आला.

"अरे, ऐक ना..." पहिल्यांदाच तिच्या तोंडून तुम्ही गळून पडलं. "लहर नाहीये ही. लहर असती तर आज आली, उद्या गेली असती."

सावकाशचा हात दाराच्या मुठीवर तसाच थांबला. समजायला त्याला त्याच्या नावाप्रमाणे वेळ लागला. पण समजलं तेव्हा त्याच्या तोंडावर जे काही उजाडलं, ते बघून घारीला वाटलं की नऊ वर्षं आपण इतक्या काचा तपासल्या, त्या बहुतेक एवढ्यासाठीच.

"मग... तू सांग," तो म्हणाला, "आता मी कुठे उभा राहू?"

घारीनं शेजारची सीट हातानं थोपटली. मागे तेवीस गाड्या पाण्यासाठी खोळंबल्या होत्या, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. आत काही ऐकू येत नव्हतं.