ये हं, प्राची

तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. पण हे घडलंय, आणि मी तिथे होते.

रात्र नव्हती. नोव्हेंबरची संध्याकाळ होती, बाहेर अजून लख्ख ऊन होतं. ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलला, माझ्या मामेभावाच्या, मकरंदच्या घरी.

मी प्रयोगशाळेत पाणी तपासते. पिण्याचं, नदीचं, समुद्राचं. हे सांगते, कारण पुढे सगळं पाण्याचंच आहे.

मकरंदची पहिली बायको प्राची पश्चिम किनाऱ्यावर बुडून गेली. तो टॉवेल आणायला गाडीकडे गेला होता, परत आला तर ती दिसेना... असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

प्राची मला 'ताई' म्हणायची. इथे मला दुसरं कोणीच ताई म्हणत नाही. मकरंद तर 'विभे' म्हणतो.

पुढे सलोनी लग्न होऊन त्या घरात आली. भिंतीवर प्राचीचा एकही फोटो नव्हता. ते सलोनीला खुपायचं.

शेजारची रेनाता मूळची मेक्सिकोची. तिच्याकडे या दिवसांत गेलेल्या माणसांसाठी घरातच वेदी मांडतात. फोटो, मेणबत्त्या, मीठ, त्यांच्या आवडीचं खाणं. दारापासून फोटोपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट. आणि पेलाभर पाणी. कारण ती माणसं लांबून, तहानलेली येतात.

सलोनीने ठरवलं, प्राचीसाठी मांडायची.

मकरंद हसला. "पितृपक्ष काय कमी होता? बरंय, इथे कावळे नाहीत. शिवला नाही म्हणून ताटकळायला नको."

"माझ्याआधी हे तिचं घर होतं," सलोनी म्हणाली. "एक दिवस बोलावलं तर काय बिघडेल?"

तो खोलीत गेला. दार लावून घेतलं.

रेनाताने काचघरात वाढवलेला झेंडू आणला. मी माझ्या फोनमधला प्राचीचा फोटो छापून नेला होता. सगळं मांडून आम्ही तिघी चहा घेत बसलो.

सहज नजर गेली. पेला अर्धा झाला होता...

बाष्पीभवनाला इतकी घाई नसते.

थोड्या वेळाने पाहिलं, तर पेला कोरडा. सलोनी नळाचं पाणी आणायला आत गेली. ती जग घेऊन परतली, तोवर...

पेला काठोकाठ भरलेला.

आम्ही दोघी जागच्या हललोही नव्हतो.

तळाशी काळी वाळू होती. मी फ्रिजवरचं लोहचुंबक काढून पेल्याला बाहेरून लावलं. वाळू सरकत आली आणि काचेला चिकटली.

लोहाची वाळू. पश्चिम किनाऱ्यावर असते तशी.

रेनाताचा चेहरा उतरला. तिला आता निरोप द्या, ती म्हणाली. तुमच्या भाषेत, आत्ताच.

सलोनीने बाहेरचं दार उघडलं. हात जोडले. आणि निघालेल्या माणसाला आपण जे म्हणतो, तेच म्हणाली.

"ये हं, प्राची."

क्षणभर काही नाही.

मग आमच्या मागून, रिकाम्या स्वयंपाकघरातून...

"आलेच."

रेनाताने मला विचारलं, सलोनी काय म्हणाली? मी शब्दशः इंग्रजीत सांगितलं. 'ये' म्हणाली.

निरोपाला 'ये'? रेनाताने छातीवर क्रूस काढला. तिला जायला सांग म्हणाली.

सलोनीचे ओठ हलले. शब्द फुटेना. उंबऱ्यावर कोणाला 'जा' म्हणायची आपली जीभच नाही.

मकरंद खोलीच्या दारात उभा होता. आवाज त्याने ओळखला होता.

"प्राची," तो म्हणाला, "जा."

घर गप्प झालं. फ्रिजची घरघरसुद्धा थांबली.

मग अगदी त्याच्या कानाशी...

"तेव्हाही हेच म्हणालास."

तो भिंतीला टेकून खाली घसरला. मग बोलला. टॉवेल वगैरे काही नव्हतं. दोघं भांडले होते. चिडून ती पाण्यात निघाली, म्हणाली, मी जाते. तो म्हणाला, जा.

"हात वर केला होता तिने," मकरंद म्हणाला. "मी वाळूतच बसून राहिलो. म्हटलं, घाबरू दे जरा."

वेदी मांडली त्या संध्याकाळपासून त्याला पाणी पिता येत नाही. घोट घेतो आणि थुंकतो. खारट, म्हणतो.

त्याच्या पेल्यातलं पाणी मी तपासलं आहे. ओठ लागण्याआधी ते नळाचं असतं. ओठ लागल्यावर उरतं ते समुद्राचं. मॅग्नेशियम, सल्फेट, सगळं समुद्राच्याच प्रमाणात. मीठ ढवळून तसं होत नाही. मी उपकरण बदलून पाहिलं. तेच आलं.

आता तो हॉस्पिटलमध्ये आहे. सलाइनवर.

परवा दुपारी भेटायला गेले होते. ओठांना भेगा पडल्यात. शेजारी पाण्याचा जग होता, त्याच्याकडे तो बघतही नव्हता. निघताना सवयीने तोंडून गेलं, "येते रे."

मकरंदचे डोळे मिटलेले होते.

पण खाटेच्या पलीकडे, पडद्यामागून, कोणीतरी फार प्रेमाने म्हणालं...

"या ताई. मी आहे ना त्याच्याजवळ."