मागच्या दाराची पट्टी

ज्या साहेबाने जप्तीच्या आवारातल्या त्या जुन्या गाडीवर 'तपासली, रिकामी आहे' असा शेरा मारला, तो खोटं बोलला. तोंडावर सांगतो.

हे खरं घडलंय. माझ्या मामाच्या शेडमध्ये, भर दुपारी चारला. पटत नसेल तर वाचू नका.

मामा जुन्या गाड्यांचं आतलं काम करतो. लाकूड, चामडं, कड्या. लिलावात कुणा हौशी माणसाने घेतलेली ही गाडी त्याच्याकडे आली. मागच्या दाराच्या आतल्या बाजूच्या लाकडी पट्टीवरचं काळं व्हर्निश त्याने खरवडलं...

खाली ओरखडे. उभे. चार-चार.

"कुत्र्याचे असतील."

"कुत्रा होता आणि सीटवर एक केस नाही? तुमचं आपलं काहीतरीच," मामी म्हणाली. ती गाडीतच, मागच्या सीटवर बसून चामडं शिवत होती.

मामाने पट्टी घासून गुळगुळीत केली, पॉलिशचा हात दिला. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून काचा चढवल्या, दारं टेकवली.

आतल्या कड्या त्याने सकाळीच काढून थिनरमध्ये टाकलेल्या. दार लागलं तर बायको आतून उघडणार कशी, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

तो हात पुसायला वळला...

खट्.

चारही दारं लागली.

"थांब गं, उघडतो."

बाहेरून कडी ओढली. हलेना.

मग आतून काचेवर तळहात आपटायला लागले. धप... धप...

मामाने काचेला डोळे लावले. मामी खाली मान घालून शिवत होती. एका हातात सुई, दुसऱ्या हातात चामडं.

धप... धप... मग खरवडणं.

मग काहीच नाही. मामा म्हणतो, ते जास्त वाईट होतं.

त्याने हातोडीने काच फोडली. मामीने शांतपणे वर पाहिलं.

"फोडलीत कशाला? ती निघालीच होती. मला म्हणाली, आता तू बस."

ओल्या पॉलिशमध्ये ताजे ओरखडे होते. मामीची नखं कोरडी.

त्याला आठ महिने झाले. मामी जेवते, शिवते, हाक मारली की ओ देते. पण रोज चार वाजले की अंगणात, लख्ख उन्हात उभी राहते आणि मामाला हळूच म्हणते...

"अहो, मला बाहेर काढा ना."

साहेब, अकरा वर्षं ती गाडी तुमच्या कुलपात होती. कुलूप घातलंत तेव्हा मागच्या सीटवर कोण होतं?

उत्तर द्या.