दिवाळीआधी मोजलेला कचरा

साल २०४८. आमच्या तळेबुद्रुक गावची नवीकोरी कचराभट्टी पेटतच नव्हती! कचरा जाळून वीज करायची सोडून नुसता धूर ओकत होती. सोमवारपर्यंत ती पेटली नाही, तर गावाचा कचरा आमच्या शाळेच्या मैदानावर टाकायचं ठरलं होतं. आणि मी खो-खो संघाची कप्तान. डोकं फिरणार नाही तर काय!

शनिवारी विभाआत्या आली. ती कचऱ्याची शास्त्रज्ञ. सोबत तिचा यंत्रमानव, चिमट्या.

चिमट्याने गाडीभर कचरा कालवला. ढिगाचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवले, दोन काढून टाकले. पुन्हा कालवलं, पुन्हा चार भाग. मी नाक धरून ओरडले, "अरे, खेळ मांडलायस का?"

"हे चतुर्विभाजन (ढीग लहान करायचा, पण त्यातलं मिश्रण बदलू द्यायचं नाही)," आत्या म्हणाली. "शितावरून भाताची परीक्षा, पण आधी नीट ढवळून."

शेवटी शंभर किलो उरला. चिमट्याने तो निवडला. साली-खरकटं अठ्ठावन्न किलो, माती-राख चौदा, प्लास्टिक नऊ, कागद फक्त सात. बाकी चिंध्या, काचा.

"हे घटकप्रमाण (कशात काय किती)," आत्या म्हणाली. "निम्म्याहून जास्त ओलंच! आगीची सगळी ताकद पाणी आटवण्यातच जाते."

बाजूला उभे असलेले नगरपंचायतीचे मुख्याधिकारी साहेब रागावले. "आम्ही आठवडाभर मोजूनच भट्टी घेतली. चाळीस टक्के कागद-पुठ्ठा होता!"

"कधी मोजलंत?"

"दिवाळीच्या आधी."

आत्याने कपाळावर हात मारला. "अहो, तेव्हा घरोघरी माळे साफ होतात! जुन्या वह्या, खोकी सगळं बाहेर. त्या एका आठवड्यावरून वर्षाचा अंदाज बांधलात?"

साहेब ओशाळले. "मग भट्टी मोडीत काढायची?"

"कशाला? तिला सुकं द्या, ओल्याचं खत करा. पण घरातच दोन डबे हवेत."

"लोक ऐकत नाहीत हो."

"आम्ही ऐकवतो," मी म्हणाले. "पण मैदानाला हात लावायचा नाही!"

पंधरा दिवसांची मुदत मिळाली. आमचा संघ रोज सकाळी घंटागाडीबरोबर. मिसळलेला डबा दिसला की परत! काय काय ऐकून घेतलं म्हणून सांगू! "शिंगं फुटलीत का गं तुला?" हे तर माझ्याच आईने विचारलं. चौदाव्या दिवशी एकच डबा परत गेला, आणि तो होता साहेबांच्या घरचा.

पंधराव्या दिवशी भट्टी धडधडून पेटली. "आता उन्हाळ्यात मोजायचं, पावसाळ्यातही," आत्या म्हणाली. "आणि मोजणार तुम्हीच."

त्या संध्याकाळी आम्ही अंधार पडेपर्यंत खेळलो. हरलो, तेही सातवीच्या पोरींकडून! असा संताप आला म्हणून सांगू! पण मैदान आमचं होतं.