नजर पडेल तेवढंच

"आता जे सांगणार आहे, त्यावर तुझा काय, तुझ्या सातही पिढ्यांचा विश्वास बसणार नाही," दिगंबर अण्णा कडाडले. "नसू दे! पण आधी ते पत्रक बाजूला सरकव, तस्नीम."

मिरजेच्या वैद्यकीय पडदे तपासणी प्रयोगशाळेत सकाळचं काम चालू होतं. स्कॅनच्या आकड्यांचं डॉक्टरांच्या पडद्यावर चित्र करणारं प्रत्येक ग्राफिक्स कार्ड इथून पास झाल्यावरच इस्पितळात जाई. नव्या 'नजरवेधी' कार्डाच्या पत्रकावर तस्नीम मुजावर सही करणार, एवढ्यात अण्णा टपकले होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सकाळचा चहा ते इथेच घेत.

"पण अण्णा, राखाडीच्या हजार छटा, चारही कोपरे, सगळं बिनचूक आलंय."

"येणारच! बावीस वर्षांपूर्वी पहिलं नजरवेधी आलं, तेव्हा मलाही आलं होतं. असलं तापायचं ते, त्याच्यावर मी उडदाचे पापड भाजलेत."

"मागच्या आठवड्यात पोह्याचे होते."

"दोन्ही भाजले! मला शिकवू नकोस. हे कार्ड चालतं कसं, ते सांग."

तस्नीमने सुस्कारा सोडला. "स्कॅन अवाढव्य असतो. तो सगळा एकदम काढायचा तर कार्ड दमतं. म्हणून पडद्यावरचा कॅमेरा खुर्चीतल्या माणसाची बुबुळं टिपतो. त्याची नजर पडेल तेवढाच तुकडा कार्ड खराखुरा काढतं."

"आणि बाकीचा पडदा?"

"अंदाजाने भरतं. लाखो छात्यांचे स्कॅन शिकवलेत त्याला."

"कसल्या छात्यांचे?"

ती थबकली. "निरोगी."

"निरोगी!" अण्णांनी टेबलावर अशी थाप मारली की कपातला चहा बशीत आला. "म्हणजे जिथे कुणी बघत नाही, तिथे माणूस ठणठणीत!"

"पण नजर वळली की खरं चित्र येतंच ना? सेकंदाच्या हजाराव्या भागात."

"नजर वळते कशाने, गं? दिवसाला दीडशे स्कॅन बघणारा डॉक्टर काय पडदा इंचाइंचाने मोजत बसतो? डोळ्याच्या कडेला काहीतरी खटकतं, म्हणून तो तिकडे बघतो. या भामट्यांनी खटकणारंच पुसून टाकलं! आणि तू तपासणी कशी केलीस? कोपऱ्यात बघितलंस. बघितलंस तिथे त्याने इमानेइतबारे खरं काढून दाखवलं. साहेब येताना दिसला की फाइल उघडणारा कारकून आहे तो!"

तस्नीम कार्डाकडे बघत राहिली. मग तिने 'पास'समोरची खूण इतक्या जोराने खोडली की कागद फाटला.

"कंपनीला कळवलं नाहीत तुम्ही?"

"अकरा पत्रं लिहिली. अकराव्याला उत्तर आलं. 'माल आपल्याच सहीने पास झाला आहे.'" अण्णांच्या मानेची शीर तटतटली. "माझ्याच सहीने! आणि आता तोच माल, नव्या खोक्यात घालून, तुझ्या टेबलावर."

"पण हे तुमच्या लक्षात आलं कसं?"

अण्णांनी बशीतला चहा ओठांना लावला. चेहऱ्यावर त्यांचं नेहमीचं मिस्कील हसू आलं.

"तोच तर किस्सा! माझी धाकटी बहीण मंदा. खोकला जाईना, म्हणून स्कॅन केला. डॉक्टर कुलगोड खुर्चीत, मी त्यांच्या पाठीशी उभा. त्यांनी मधला भाग वरून खाली पाहिला आणि म्हणाले, 'छाती स्वच्छ आहे, अण्णा.' इतक्यात मला उजव्या फुप्फुसाच्या तळाशी, पार कोपऱ्यात, हरभऱ्याएवढी गाठ दिसली! मी ओरडलो, 'डॉक्टर, तिकडे बघा!' त्यांनी बघितलं, आणि घामच फुटला त्यांना. आठ दिवसांत गाठ बाहेर! आज मंदा साठीची आहे, पण दंडोबाचा डोंगर पळत चढते, आणि वरून मला फोन करते, 'दादा, तू अजून पायथ्याशीच?'"

ते मोठ्याने हसले. तस्नीम हसली नाही.

"अण्णा, हे खोटं आहे."

"बरं बाई, पळत नाही, चालत चढते."

"डोंगराचं नाही म्हणत मी. खुर्चीत डॉक्टर होते. कार्ड त्यांच्या नजरेमागे फिरत होतं, तुमच्या नाही. ते बघत नव्हते त्या कोपऱ्यात तुम्हालासुद्धा निरोगी फुप्फुसच दिसणार. पाठीशी उभं राहून ती गाठ दिसूच शकत नाही." तिचा आवाज चढला होता, आता तो एकदम खाली आला. "गाठ होती हे तुम्हाला कधी कळलं, अण्णा? मंदाताई गेल्यावर?"